मावळच्या पावसात मिरची : पॉलिहाऊस आणि कुंडी

मिरचीच्या झाडाला उबदार हवा, भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन लागते. मावळात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत यांपैकी एकही गोष्ट सहजी मिळत नाही. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पुण्याच्या दिशेने तीस-पस्तीस किलोमीटर सरकले, की तळेगाव-वडगावच्या पट्ट्यात तो हजार-बाराशेवर येतो. एकाच तालुक्यात एवढा फरक असल्याने मावळात मिरची कशी लावावी, या प्रश्नाला सगळ्या गावांसाठी एक उत्तर देता येत नाही. हा मुलूख मुळात भाताचा. घरोघरी पोचलेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातूनच आला. भाताला जे मानवते, तेच मिरचीला मारक ठरते. त्यामुळे इथल्या मिरचीची बहुतेक दुखणी औषधांच्या दुकानात जाऊन मिटत नाहीत. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि रोप कोणत्या महिन्यात लावले, यांवरच झाडाचे आरोग्य बव्हंशी ठरते.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती देशभर पसरली. घरात ठेच्यासाठी लागणारी तिखट मिरची आणि भाजीची ढोबळी मिरची या दोन्ही एकाच जातीच्या, शास्त्रीय नाव कॅप्सिकम ॲन्यूम. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन ढोबळीत तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे जनुक तिच्यात निकामी असते. लाल, पिवळी आणि हिरवी या काही तीन वेगळ्या भाज्या नव्हेत. हिरवे फळ झाडावर पिकू दिले, की ते वाणानुसार लाल किंवा पिवळे होते. तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली तर ढोबळी तिखट होते, असा एक समज बागप्रेमींमध्ये पक्का आहे. तो खरा नाही. फळाचा गर आणि आतला पांढरा गाभा ही आईझाडाचीच अंगे असतात, त्यामुळे परागीकरण कुठल्याही मिरचीच्या परागाने झाले तरी त्या फळाची चव बदलत नाही. संकराचा परिणाम दिसतो तो त्या फळातले बी पेरून वाढवलेल्या पुढच्या झाडात. म्हणून घरचे बी धरणाऱ्यांनी दोन्ही दूर लावावीत, एवढेच त्यात तथ्य आहे.

दुसरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे मिरची हे वर्षायू झाड नाही. थंडी आणि पाणथळपणा यांपासून जपले तर ते दोन-तीन वर्षे जगते. शेतात ते एका हंगामात काढून टाकतात, कारण उत्पादन घटते आणि रोग साठत जातात. कुंडीत मात्र या गुणाचा चांगला उपयोग होतो.

मावळात पॉलिहाऊस आले ते मिरचीसाठी नव्हे, गुलाबासाठी. १९९१ नंतरच्या उदारीकरणात निर्यातीच्या फुलशेतीला चालना मिळाली आणि पुण्याच्या आसपास हरितगृहे उभी राहू लागली. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तळेगावला पुष्प उद्यान वसवले. फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन डेसाठी इथला गुलाब परदेशी आणि देशातल्या मोठ्या शहरांत जातो. राज्य कृषी पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था तळेगाव दाभाड्यालाच आहे आणि हरितगृह व्यवस्थापनाचे निवासी वर्ग तिथे चालतात. महाराष्ट्रभरातले शेतकरी त्यासाठी मावळात येतात. रंगीत ढोबळीने या फुलांच्या घरात बाजूची जागा घेतली. गुलाबाची लागवड जुनी झाली, दर पडले किंवा जमिनीला फेरपालट हवा झाला, की काही जण एक-दोन हंगाम ढोबळी घेतात. जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे भाजीपाल्याचा जसा जम बसला आहे, तसा मावळात नाही. पण सांगाडा, ठिबक आणि कामाला सरावलेले हात ही तयारी इथे आधीपासून आहे, हे मोठे भांडवल आहे.

जागेची निवड इथे सर्वांत निर्णायक आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रस्त्यालगतचे भाताचे खाचर सपाट असते, म्हणून त्यावर पॉलिहाऊस उभारण्याचा मोह होतो. खाचर हे पाणी अडवण्यासाठीच बांधलेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी होऊन खाली घट्ट थर बसलेला असतो. वरून प्लास्टिकचा कागद घातला तरी जुलैत भोवतालच्या खाचरांतले पाणी जमिनीखालून आत येते आणि बेडच्या तळाशी मुरत राहते. त्यापेक्षा वरकस जमीन किंवा उताराचा माळ बरा. सपाटीकरणाचा खर्च वाढतो, पण मुळे कुजत नाहीत. दुसरा पर्याय नसेल तर सांगाड्याभोवती आतल्या बेडच्या तळापेक्षा खोल चर खणून त्याला ओढ्यापर्यंत वाट काढून द्यावी लागते. हा चर सांगाड्याच्या आधी खणावा. नंतर खणायला गेले तर पाया हलतो.

नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसला जीआय पाइपचा सांगाडा, वर २०० मायक्रॉन जाडीचा अतिनील किरणांना टिकणारा कागद, बाजूला ४० मेशची कीडरोधक जाळी आणि गुंडाळता येणारे पडदे असतात. मावळच्या दमट हवेत सांगाडा जितका उंच तितका चांगला. पन्हळीपर्यंत चार ते साडेचार मीटर आणि माथ्यापर्यंत साडेसहा मीटर उंची असली, तर गरम दमट हवा वर चढून वरच्या खिडकीतून निघून जाते. ही वरची खिडकी पावसाच्या वाऱ्याकडे पाठ करून असावी. मोसमी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा तिचे तोंड पूर्वेला. लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला पैसे वाचवण्यासाठी कुणी नुसते शेडनेट घातले तर ते पावसाळ्यात निरुपयोगी असते, कारण जाळीतून पाऊस अडत नाही, फक्त बारीक होऊन पानांवर पडत राहतो.

वाऱ्याचा हिशेबही करावा लागतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ घाट चढून मावळावरून गेले, तेव्हा तालुक्यातल्या कित्येक पॉलिहाऊसचे कागद फाटले आणि सांगाडे वाकले. समुद्रापासून दूर, डोंगराआड असल्याने मावळाला वादळाची भीती नाही, हा समज त्या दिवशी संपला. पायाचे खांब खोल आणि काँक्रीटमध्ये रोवणे, कोपऱ्यांना आणि कडेला जास्तीचे आधार देणे आणि विमा उतरवणे हे खर्च टाळण्याजोगे राहिलेले नाहीत.

छतावरच्या पाण्याचे गणित मात्र मावळाच्या बाजूने आहे. दहा गुंठ्यांचे छत म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. हजार मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छतावर दहा लाख लिटर पाणी पडते. ढोबळीला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण दोन ते तीन लिटर पाणी लागते. अडीच लिटर धरले तर दहा गुंठ्यांना दिवसाला अडीच हजार आणि आठ महिन्यांच्या पिकाला सहा लाख लिटर. म्हणजे तळेगावसारख्या कमी पावसाच्या टोकालादेखील एका पॉलिहाऊसच्या पन्हळींतून वाहून जाणारे पाणी त्याच पॉलिहाऊसला पुरून उरते. बाष्पीभवन आणि गळती वजा केली, तरी अस्तर घातलेले शेततळे एप्रिल-मे काढून देऊ शकते. शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. क्षारांनी नाजूक मुळांची होरपळ होणाऱ्या या पिकाला बोअरच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी मानवते. पवना, आंद्रा, वळवण अशा जलाशयांच्या शेजारी राहून उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या गावांत हा विचार आणखी व्हायला हवा.

बेड भरताना मावळात तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस यांचे मिश्रण वापरतात. तूस इथल्या भातगिरण्यांवर स्वस्तात मिळते आणि माती भुसभुशीत ठेवते. बेडचा माथा ९० सेंटिमीटर रुंद आणि उंची किमान ४० सेंटिमीटर असावी. कमी पावसाच्या भागातल्या पुस्तकात ३० सेंटिमीटर लिहिलेले असते; ते इथे पुरत नाही, कारण मिरचीची बहुतेक मुळे वरच्या फूटभर मातीतच असतात आणि त्या थराखालून पाणी निघून जायला अंतर लागते. मातीचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान ठेवावा. घाटमाथ्याकडची माती पावसाने धुऊन आम्लधर्मी झालेली असते, तिथे परीक्षण करून चुना मिसळावा लागतो.

जुन्या मातीतले रोगजंतू मारण्यासाठी पूर्वी सर्रास फॉर्मॅलिन ओतत. ते कर्करोगजनक आहे आणि हाताळणाऱ्याच्या डोळ्यांना, श्वासाला त्रास देते. मावळात त्याची गरजही कमी आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत इथे कडक ऊन असते आणि तेव्हा जुने पीक निघालेले असते. बेड ओले करून त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवले, पॉलिहाऊसचे पडदे बंद केले, की सौर उष्णतेने बहुतेक बुरशा, सूत्रकृमी आणि तणाचे बी दबते. त्यानंतर ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत आणि निंबोळी पेंड द्यावी. आधी देऊन मग माती तापवली तर ट्रायकोडर्माही मरते. ही चूक वरचेवर दिसते.

रोपे ९८ खाचांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर करतात. बी आठ-दहा दिवसांत उगवते आणि ३५ ते ४० दिवसांत चार-सहा पानांचे रोप लावणीला येते. तयार रोपे घेणाऱ्यांसाठी पुणे जिल्ह्यात रोपवाटिका भरपूर आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील भाजीपाला गुणवत्ता केंद्र त्यांतले नावाजलेले. हिरव्या ढोबळीत इंद्रा, लाल रंगात बॉम्बे आणि इन्स्पिरेशन, पिवळ्यात ओरोबेल आणि बचाटा ही संकरित वाणे पॉलिहाऊसमध्ये रुळलेली आहेत. दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतराने नागमोडी लावणी केली, की दहा गुंठ्यांत साधारण अडीच हजार झाडे बसतात.

लावणीचा महिना ठरवताना बाजारभावाकडे पाहून जून-जुलै निवडणारे बरेच असतात. मावळात ते महिने वाईट. आभाळ आठवडेच्या आठवडे झाकलेले, कागदावर शेवाळ आणि धूळ, अशा अंधुक उजेडात रोप उंच, लुसलुशीत आणि कमकुवत वाढते. त्याच वेळी हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांवर असते. वडगाव-तळेगावच्या बाजूला ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची लावणी जमते. रोपांची मुळे स्थिरावेपर्यंत पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात झाड फुलावर येते. कामशेतच्या पश्चिमेला हाच मुहूर्त आणखी दोन-तीन आठवडे पुढे ढकलावा. उन्हाळ्यात कागदावर मारलेला चुन्याचा हात पावसाळ्याच्या तोंडावर धुऊन काढणे आणि लावणीपूर्वी कागद पुसून घेणे, या दोन कामांनी मिळणारा जादा उजेड कुठल्याही टॉनिकपेक्षा गुणकारी असतो.

लावणीनंतर महिनाभरात खोडाला पहिला दुबेळका फुटतो आणि त्या बेचक्यात पहिले फूल येते. ते खुडावे. ठेवले तर झाडाची सारी ताकद एका फळात जाते आणि वाढ खुंटते. पुढे दोन किंवा चार फांद्या राखून प्रत्येक फांदी छतालगतच्या तारेला प्लास्टिकच्या दोरीने बांधतात आणि दर आठवड्या-पंधरवड्याने बगलफुटी काढतात. पावसाळी, दमट हवेत चार फांद्यांचा पसारा गर्दी करतो. मावळात दोन फांद्यांची पद्धत जास्त हवेशीर ठरते, फळही मोठे मिळते.

फुलगळ हे ढोबळीचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे. रात्रीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस आणि दिवसाचे २१ ते २८ या पट्ट्यात फळधारणा उत्तम होते. दिवस ३५ अंशांपुढे गेला की फुले गळतात. थंडीत उलटा प्रकार घडतो. डिसेंबर-जानेवारीत मावळात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. अशा थंडीत पराग निकामी होतो आणि बिनबियांची, चपटी, बटणासारखी फळे लागतात. शेतकरी त्याला बोरॉनची कमतरता समजून फवारे मारत बसतात. खरा उपाय म्हणजे दुपारी चारच्या सुमारास पडदे खाली सोडून दिवसाची ऊब आत कोंडणे आणि सकाळी ऊन आल्यावर लगेच उघडून आतला दमटपणा काढणे. बंद घरात वारा आणि माश्या कमी असल्याने सकाळी दोऱ्या हलक्या हलवल्या तरी पराग झडतो. मार्च-एप्रिलमध्ये शेडनेट ताणणे आणि फॉगर थोड्या थोड्या वेळाने चालवणे हे नेहमीचेच.

खतांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण विद्राव्य खतांची वेळापत्रके सगळीकडे मिळतात. सुरुवातीला १९:१९:१९ आणि १२:६१:००, फुले आल्यावर कॅल्शियम नायट्रेट, फळे भरताना १३:००:४५ आणि ००:००:५० असा क्रम असतो. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत कालवू नये. साका बसून ठिबकची तोंडे बुजतात. ढगाळ हवेत नत्र आखडता ठेवावा. फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने. माती कधी कोरडी ठण्ण, कधी चिंब राहिली की मातीत कॅल्शियम असूनही तो डाग पडतो. रोज थोडे, ठरल्या वेळी पाणी दिले तर तो पुढच्या फळांत दिसत नाही.

रोगांची ओलीतले आणि कोरड्यातले अशी विभागणी केली, तर मावळातले वर्ष नीट समजते. ओल्या दिवसांतला पहिला शत्रू रोपवाटिकेतली मर : पिथियम बुरशीने रोप जमिनीलगत मऊ पडून कोलमडते. लावणीनंतर तिची जागा फायटोफ्थोरा घेते. खोडाचा जमिनीलगतचा भाग काळपट होतो आणि हिरवेगार झाड दोन दिवसांत माना टाकते. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे बेडमध्ये पाणी साचले की ती एका झाडावरून पूर्ण ओळीत जाते. कॉपरची आळवणी किंवा इतर बुरशीनाशके रोग रोखून धरतात, पण चर बुजलेला असेल तर पुढच्या सरीला तो पुन्हा उठतो. जिवाणूजन्य मर याहून वाईट. खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरले आणि त्यातून दुधाळ धार सुटली तर ती जिवाणूची खूण. तिला औषध नाही. झाड मातीसह उचलून बाहेर जाळावे आणि त्या बेडवर मिरची, टोमॅटो, वांगे यांपैकी काही पुढची दोन-तीन वर्षे घेऊ नये. फळकूज आणि पानांवरचे जिवाणूजन्य ठिपके पावसाच्या उडत्या थेंबांनी पसरतात, म्हणून कागदाचे एक भोकसुद्धा वेळीच टेपने बुजवणे हा रोगनियंत्रणाचाच भाग आहे.

पाऊस गेला की भुरी येते. मिरचीची भुरी द्राक्षावरच्या भुरीसारखी वरून पांढरी दिसत नाही. ती पानाच्या आतल्या पेशींत वाढते, वरच्या बाजूला फिकट पिवळे डाग पडतात आणि पान उलटल्यावरच खाली पांढुरकी बुरशी दिसते. वरवर पाहणाऱ्याला ती अन्नद्रव्याची कमतरता वाटते आणि तोवर पानगळ सुरू होते. नुसत्या वरून मारलेल्या गंधकाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. फवारा पानांच्या खालून बसायला हवा आणि पहिल्या डागालाच हवा.

कोरड्या हवेत फुलकिडे आणि कोळी वाढतात. पानांचा चुरडामुरडा ही मिरची लावणाऱ्या प्रत्येकाची डोकेदुखी असते, पण पानाची वळण्याची दिशा पाहिली तर निदान निम्मे होते. कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबला तर कोळी. कोळ्यावर फुलकिड्याचे औषध मारून पैसे आणि आठवडा दोन्ही घालवणारे कमी नाहीत. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावून झाडांबरोबर वर सरकवत न्यावेत. थ्रिप्स पार्विस्पिनस ही काळ्या फुलकिड्यांची परदेशी जात भारतात प्रथम २०१५ मध्ये बंगळूरजवळ पपईवर आढळली आणि २०२१ च्या हंगामात तिने तेलंगण-आंध्रातल्या मिरचीची दाणादाण उडवली. ही कीड फुलांत दडते आणि गुलाब-जरबेऱ्याच्या फुलांतही राहते. पॉलिहाऊसला पॉलिहाऊस लागून असलेल्या तळेगावच्या पट्ट्यात शेजारच्या घरातली फुले जुनी झाली, की ती कुठे टाकली जातात याकडे ढोबळीवाल्याने लक्ष ठेवावे.

विषाणूंना उपचार नाही, त्यामुळे ते येण्याची दारे बंद करणे एवढेच हातात असते. दुहेरी दरवाजा, अखंड जाळी आणि आसपासच्या तणांचा नायनाट यांनी त्यांतली मोठी दारे बंद होतात. एक छोटे दार सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : तंबाखू. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू आणि त्याचे भाईबंद मिरचीलाही लागतात आणि ते मळलेल्या तंबाखूतून हाताला, हातावरून पानाला जातात. बगलफुटी काढणारी माणसे दिवसाला शेकडो झाडांना हात लावतात. घरात शिरण्यापूर्वी साबणाने हात धुणे आणि आत तंबाखू-विडी बंद हा नियम फुकटात होतो. रोगट झाडांना सर्वांत शेवटी हात लावावा.

कुंडीतल्या मिरचीला याच सगळ्या गोष्टी लागू होतात, फक्त प्रमाण बदलते. लोणावळ्यातले बंगले, तळेगावच्या गच्च्या आणि कामशेत-मळवलीच्या नव्या वसाहतींतल्या गॅलऱ्या यांत कुंड्या भरपूर असतात आणि जुलैत त्यांतली मिरचीच आधी मरते. कारण बहुधा एकच : कुंडी उघड्यावर असते आणि तिच्याखाली पाण्याने भरलेली बशी. पावसाळ्यात बशी काढून कुंडी विटांवर चढवावी आणि पत्र्याच्या किंवा पारदर्शक छपराच्या आडोशाला, पण उजेडात ठेवावी. घराच्या पश्चिमेची बाजू पावसाच्या झडीची असते, पूर्वेची गॅलरी सुरक्षित.

तिखट मिरचीला दहा इंची आणि ढोबळीला निदान बारा इंची कुंडी लागते. याहून लहान कुंडीत झाड जगते, पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा कोमेजते आणि फुले गाळते. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट किंवा तूस, वर मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण मावळात चालते. नुसती काळी चिकणमाती कुंडीत भरू नये. तळाशी खापऱ्या-खडी भरण्याची रूढ पद्धत फारशी उपयोगाची नाही. खडीच्या वरच्या मातीत पाणी तेवढेच अडून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. एक खापरी भोकावर पालथी ठेवली की पुरे.

लोणावळ्यात बी ऑगस्टच्या मध्याला आडोशाला पेरावे, रोप सप्टेंबरअखेर मोठ्या कुंडीत लावावे आणि ऑक्टोबरपासून ते पूर्ण उन्हात काढावे. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळाले नाही तर ढोबळीचा नाद सोडून तिखट मिरचीच लावावी, ती कमी उजेडात निभावते. ज्वाला, लवंगी आणि राहुरी विद्यापीठाची झुपक्याने लागणारी फुले ज्योती ही वाणे कुंडीत चांगली येतात. पाणी देताना वेळापत्रकापेक्षा बोट विश्वासू असते : दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, आणि घातले तर खालून निथळेपर्यंत. पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम १९:१९:१९ पुरते. अंड्याची टरफले कुंडीत पुरणाऱ्यांनी त्यांच्याकडून या हंगामात काही अपेक्षा ठेवू नये, ती विरघळायला फार काळ लागतो. मावा आणि फुलकिडे दिसले तर आधी पाण्याचा फवारा पानांच्या खालून, मग निंबोळी अर्क, आणि पान वेडेवाकडे, पिवळे-हिरवे चट्टेदार झाले तर झाड उपटून टाकणे, हा क्रम घरगुती बागेला पुरतो. भाजीत जाणाऱ्या फळांवर शेतातली जहाल औषधे कुंडीत मारण्याचे काहीच कारण नाही.

मे महिन्याच्या शेवटी झाड निम्म्यावर छाटून, रोगट पाने काढून, छपराखाली ठेवावे आणि पावसाळ्यात पाणी अगदी बेताचे द्यावे. ऑक्टोबरात ते नव्या फुटीने उठते आणि बियापासून केलेल्या रोपाच्या महिना-दीड महिना आधी फळावर येते. ढोबळीच्या दुसऱ्या वर्षीच्या फळांचा आकार घटतो. तिखट मिरचीत तो फरक जाणवत नाही.

व्यापारी लागवडीत हिरवे फळ लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी तोडणीला येते, पिवळे त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी आणि लाल लावणीपासून ऐंशी-नव्वद दिवसांनी. १५० ते २०० ग्रॅमचे, चार कप्प्यांचे, चकचकीत फळ पहिल्या प्रतीचे. चांगल्या व्यवस्थापनात एकरी ३० ते ४० टन, म्हणजे दहा गुंठ्यांत साडेसात ते दहा टन माल निघू शकतो. पुण्याचे मार्केट यार्ड आणि वाशीची बाजार समिती दोन्ही द्रुतगती मार्गाने दोन-अडीच तासांच्या आत, आणि लोणावळ्याची हॉटेले दाराशी, ही मावळाची जमेची बाजू. लाल आणि पिवळा माल जोडीने मागितला जातो, तेव्हा एकाच रंगाची लागवड करू नये. खर्चाच्या बाजूला २०१४ च्या एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या मापदंडांत अशा पॉलिहाऊससाठी चौरस मीटरला आकारमानानुसार ८४४ ते १०६० रुपये धरले होते आणि त्यावर निम्मे अनुदान होते. प्रत्यक्ष खर्च त्यापुढे गेला आहे. नुसत्या ढोबळीच्या जिवावर नवा सांगाडा उभारणे जोखमीचे. आधीच उभ्या असलेल्या घरात गुलाबानंतरचे पीक म्हणून ती परवडते.

तालुक्याचा पूर्व भाग, म्हणजे वडगाव, तळेगाव, इंदुरी, नवलाख उंबरे हा पट्टा, पॉलिहाऊसमधल्या ढोबळीला योग्य आहे. कामशेतपासून पश्चिमेला निचरा आणि लावणीची वेळ काटेकोर सांभाळणाऱ्यानेच त्यात पडावे. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर मात्र व्यापारी पॉलिहाऊस घालू नये. तिथे मिरची छपराखालच्या कुंडीत, ऑक्टोबर ते मे एवढीच घ्यावी.